सूचनाफलकाचा रूपबंध : नवोदितांसाठी प्राथमिक पाठ

हैदराबाद शहरातील चिक्कडपल्ली आणि तिला लागून असलेला अशोकनगर हा भाग स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची वस्ती म्हणून प्रसिद्ध आहे. येथील नगर मध्यवर्ती ग्रंथालयात सकाळपासून अभ्यासाला बसणारे शेकडो तरुण दिसतात. अशा वस्तीत सूचनाफलकाला फार मोल असते. अर्जाची अखेरची तारीख वाचावयाची राहून गेली, तर एखाद्याचे संपूर्ण वर्ष वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून फलकावर काय लिहावे याबरोबरच ते कसे मांडावे, याचाही विचार होणे अगत्याचे आहे.

पुष्कळ हातांनी लिहिल्या जाणाऱ्या सूचनांना जे एक ठरावीक रूप दिले जाते, त्यास आपण या लेखात ‘रूपबंध’ म्हणू. मजकूर रोज बदलतो. रूपबंध बदलत नाही. समास, अक्षरांचा आकार, ओळींमधील अंतर, रंग आणि मथळ्याची जागा या गोष्टी एकदा निश्चित केल्या, म्हणजे लिहिणाऱ्याला केवळ मजकुराची चिंता उरते आणि वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट नेमकी कोठे सापडेल हे ठाऊक असते.

आरंभ कोठून करावा?

नवशिका मनुष्य प्रथम रंगाच्या डब्याकडे वळतो. हा क्रम उलटा आहे. प्रथम गेल्या महिन्याभरातील सर्व सूचना एकत्र कराव्यात आणि त्यांची वर्गवारी करावी. बहुधा तीन-चार प्रकारच आढळतात : मुदतीच्या सूचना, नेहमीची माहिती (वेळा, सुट्ट्या), कार्यक्रम आणि वैयक्तिक निवेदने. जितके प्रकार, तितकेच साचे. त्याहून अधिक नकोत.

त्यानंतर जागेचे गणित मांडावे. १२० सेंटिमीटर रुंद व ९० सेंटिमीटर उंच फलक घेतल्यास, ए-४ आकाराचे (२१ × २९.७ सेंटिमीटर) पाच उभे कागद एका रांगेत बसतात आणि सहा फटींसाठी प्रत्येकी अडीच सेंटिमीटर उरतात. वर मथळ्यासाठी १५ सेंटिमीटरची पट्टी सोडली, तरी अशा दोन रांगा मोकळेपणाने बसतात. म्हणजे फलकाची क्षमता दहा सूचनांची झाली. अकरावी सूचना आल्यास एक जुनी उतरवावयाची, हा नियमही रूपबंधाचाच भाग समजावा.

अक्षरे आणि लिप्या

हैदराबादेत एकाच भिंतीवर अनेक लिप्या नांदतात आणि ही परंपरा जुनी आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यापूर्वी संस्थानाच्या कागदी चलनावर उर्दू, तेलुगू, कन्नड यांच्या जोडीला मराठीलाही स्थान होते. एका लहानशा कागदावर इतक्या लिप्या सुखाने बसविणे हा रूपबंधाचा उत्तम वस्तुपाठ होय.

प्रत्येक लिपीची गरज निराळी असते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते. रेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार व जोडाक्षरे येतात. तेलुगूत जोडाक्षराचे दुसरे व्यंजन बहुधा खाली लिहिले जाते. उर्दूचे नस्तालिक वळण उजवीकडून डावीकडे तिरपे उतरते. रोमन अक्षरांना पुरणारे अंतर या लिप्यांना अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. म्हणून जिला सर्वांत जास्त जागा लागते, त्या लिपीवरून ओळींमधील अंतर ठरवावे.

टंक निवडताना युनिकोड पद्धतीचाच घ्यावा, म्हणजे एका संगणकावर सिद्ध केलेला मजकूर दुसऱ्यावर विस्कटत नाही. प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक अनेक कार्यालयांच्या परिचयाचा आहे. एका फलकावर प्रत्येक लिपीचा एकच टंक असावा. मथळा वेगळा दिसावा यासाठी आकार वाढविणे पुरेसे असते.

रंगाविषयी सावधगिरी

येथे प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव नमूद करणे योग्य ठरेल. पूर्वी एका कार्यालयात असताना एका प्रशिक्षण योजनेची मुदत मी हिरव्या कागदावर लाल अक्षरांत छापून घेतली. फलक उठावदार दिसला, सर्वांनी वाखाणलाही. मुदत संपल्यावर दोन दिवसांनी एक गृहस्थ मुलाचा अर्ज घेऊन आले. फलक त्यांनी पाहिला होता. तारीख मात्र त्यांना दिसलीच नव्हती. मजकुरात एकही चूक नव्हती. चूक मांडणीची, म्हणजेच माझी होती.

लाल व हिरवा यांतील भेद काही जणांना, विशेषतः पुरुषांना, जन्मतःच जाणवत नाही. शिवाय दोन्ही रंगांची उजळता जवळजवळ सारखी असू शकते. पडद्यावरील मजकुरासाठी २००८ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता तत्त्वांनुसार अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळतेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर काळ्याचे ते २१ : १ भरते, तर भडक लाल व गर्द हिरवा यांचे जेमतेम १.३ : १. रंग हा अर्थाला साहाय्यक असावा. अर्थ त्याच्यावर विसंबून नसावा. तातडीच्या सूचनेला रंगीत पट्टीबरोबर ‘मुदत’ हा शब्दही हवा.

रंगांची नोंद करताना ‘लाल’, ‘निळा’ असे न लिहिता ‘मुदतीचा रंग’, ‘माहितीचा रंग’ असे लिहावे. उद्या लाल कागद संपला, तर तक्त्यात एकाच ठिकाणी बदल करावा लागेल. नियम तेच राहतील.

बदल आणि कसोटी

मूळ साचा सुरक्षित ठेवावा. त्याची प्रत काढून तीवरच प्रयोग करावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकदम केल्यास सुधारणा कशामुळे झाली, ते कळत नाही.

कसोट्या सोप्या आहेत. सूचनेची कृष्णधवल झेरॉक्स काढावी. तीत अर्थ हरवत नसेल तर रंगयोजना ठीक आहे. फलकापासून दोन मीटरवर उभे राहून मथळे वाचावेत, दिवसा आणि रात्री दिव्याच्या उजेडातही. शेवटी, ज्याने सूचना लिहिलेली नाही अशा व्यक्तीला, शक्य तर वयस्क व्यक्तीला, एवढेच विचारावे : “अखेरची तारीख कोणती?” उत्तर शोधण्यास तिची नजर फलकभर भटकू लागली, तर साचा पुन्हा हाती घ्यावा.

ग्रंथालय, मंडळ, ग्रामपंचायत किंवा शाळा, प्रत्येक ठिकाणी हे काम एक पट्टी, एक पेन्सिल आणि आठवड्याची चिकाटी यांवर सुरू करता येते. आपला फलक सुंदर आहे असे कोणी न म्हटले तरी चालेल. त्यामुळे कोणाची तारीख चुकली नाही, एवढे समाधान त्यास पुरेसे आहे.