रोमचे साम्राज्य का ढासळले?

बालमित्रांनो, रोम हे आजच्या इटली देशातले शहर. या एका शहराच्या राज्याचे पुढे प्रचंड साम्राज्य झाले. इ. स. ११७ मध्ये, ट्राजन बादशहाच्या काळात, ते सर्वांत मोठे होते. एका टोकाला इंग्लंड, दुसऱ्या टोकाला इजिप्त आणि सिरिया! पक्के रस्ते, शहरात लांबून पाणी आणणारे दगडी कालवे, शिस्तीचे सैन्य, सगळे होते. रोमचे व्यापारी सोन्याचांदीची नाणी मोजून भारतातून मिरी आणि कापड नेत. आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात रोमन जगातून आलेली पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती सापडली आहे.

मग एवढे राज्य बुडाले कसे? 'बाहेरून शत्रू आले आणि त्यांनी बुडवले' असे आपण पटकन सांगतो. ते खरेच आहे, पण अर्धे. दाराला आधी वाळवी लागली होती, धक्का मागाहून बसला. ही वाळवी कोणती, ते पाहू.

१) नाणे खोटे झाले. रोमचे चांदीचे नाणे म्हणजे दिनार. ऑगस्टस या पहिल्या बादशहाच्या वेळी ते जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. पुढे सैन्याचा खर्च वाढला. खजिना पुरेना. तेव्हा बादशहांनी युक्ती काढली, चांदीत तांबे मिसळायचे! इ. स. ६४ मध्ये नीरोने चांदी थोडी कमी केली. पुढच्यांनी आणखी केली. इ. स. २७० च्या सुमारास चांदीच्या म्हणवणाऱ्या नाण्यात शंभर भागांत पाच भागही चांदी उरली नाही. आत तांबे, वर नुसता मुलामा! लोक काय वेडे होते? नाणे हलके म्हटल्यावर भाव चढले. इ. स. ३०१ मध्ये डायोक्लीशन बादशहाने हुकूम काढला की, ठरलेल्या भावापेक्षा जास्त घेईल त्याला मृत्युदंड. पण मालच बाजारातून नाहीसा झाला आणि हुकूम कागदावर राहिला.

२) गादीचा लिलाव झाला. इ. स. १९३ मध्ये बादशहाच्या पहारेकऱ्यांनीच पर्टिनॅक्स बादशहाला ठार मारले आणि गादी लिलावात काढली. डिडियस ज्युलियानस नावाच्या श्रीमंत माणसाने जास्त बोली लावून ती घेतली. किती दिवस टिकला? अवघे ६६ दिवस! पुढे इ. स. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक बादशहा झाले. बहुतेकांचा खून झाला. सरहद्द राखायची ते सैन्य एकमेकांशीच लढू लागले.

३) आश्रितांना नाडले. इ. स. ३७६ मध्ये गॉथ लोक बायकापोरांसह डॅन्यूब नदीच्या काठी आले. त्यांच्या पाठीशी हूण लागले होते. 'आम्हांला आसरा द्या' अशी त्यांनी विनवणी केली. व्हॅलेन्स बादशहाने परवानगी दिली. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी काय केले? भुकेल्या लोकांना कुत्र्याचे मांस विकले, आणि एका कुत्र्याच्या बदल्यात एक माणूस गुलाम म्हणून घेतला! त्या काळच्या अमियानस या रोमन इतिहासकारानेच हे लिहून ठेवले आहे. गॉथ खवळून उठले. इ. स. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत व्हॅलेन्स स्वतः मारला गेला, मोठे सैन्य कापले गेले. आसरा मागायला आलेलेच वैरी झाले.

साथीच्या रोगांनीही माणसे मेली होती. इ. स. ३९५ पासून पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग कायमचे वेगळे झाले. आता आभाळच फाटले, ठिगळ कुठे कुठे लावणार? इ. स. ४१० मध्ये गॉथांनी रोम शहर तीन दिवस लुटले. इ. स. ४३९ मध्ये वँडल लोकांनी आफ्रिकेतले कार्थेज घेतले. रोमला धान्य आणि कर तिकडून येत असे, तो गेला. धान्य नाही, पैसा नाही, मग सैन्य कसे पोसणार? शेवटी इ. स. ४७६ मध्ये ओडोएकर या सरदाराने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा बादशहाला गादीवरून उतरवले. त्याला मारलेसुद्धा नाही. भत्ता बांधून दिला आणि घरी बसवले. पश्चिमेचे साम्राज्य संपले. पूर्वेचे मात्र इ. स. १४५३ पर्यंत टिकले.

पाहा मित्रांनो, रोमकडे रस्ते होते, तलवारी होत्या. पण नाण्यावर, गादीवर आणि दिलेल्या शब्दावर लोकांचा विश्वास राहिला नाही. विश्वास उडाला की मोठे घरही आतून पोकळ होते.

सांगा पाहू :
१. दिनारमधली चांदी का कमी केली?
२. डायोक्लीशनचा हुकूम का फसला?
३. गॉथ लोकांना नीट वागवले असते तर काय झाले असते? घरी आईवडिलांशी बोलून लिहा.