पैठण ते पंढरपूर, कार्तिकात, एकट्याने

संत एकनाथांच्या पालखीची वाट पैठणहून निघते आणि पाच जिल्ह्यांतून पंढरपूरला पोचते. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. आषाढीला या वाटेवर दिंड्या, पाण्याचे टँकर, पंगती, दवाखान्याच्या गाड्या असं सगळं असतं. मी ती कार्तिकीला चाललो, कुठल्याही दिंडीशिवाय. सह्याद्रीतल्या घाटवाटा ज्यांच्या पायाखालच्या आहेत त्यांनीही एकदा तशीच चालावी असं मला मनापासून वाटतं. ‘हमरस्त्यावरून चालणं म्हणजे काय ट्रेक?’ असं माझ्याही ओळखीत म्हणतात. शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर तंबूला तंबू लावून झोपणाऱ्यांनी खरा ट्रेकर कोण हे ठरवू नये.

वेळेचं गणित सोपं आहे. दिवाळीच्या पाडव्याला पैठण सोडायचं, रोज पंचवीस-तीस किलोमीटर, म्हणजे दशमीला पंढरपूर. मार्ग: पैठण, लाडजळगाव, मिडसांगवी, मग बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातून रायमोहा, पाटोदा; पुढे दिघोळ, खर्डा, परांडा, कुर्डू, करकंब. सगळी गावं फोनच्या नकाशात सापडतात.

इतिहास हवा असेल तर थोडक्यात: नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला देह ठेवला. विजयनगरला गेलेली विठ्ठलाची मूर्ती परत आणणारे भानुदास हे त्यांचे पणजोबा, अशी परंपरा सांगते. खर्ड्याला किल्ला पाहा. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ते इथेच. बाकी पैठणच्या नाथवाड्यात कुणीही सांगेल.

आता ज्या टप्प्यासाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो.

रायमोह्याहून पाटोद्याकडे निघालं की बालाघाटाचे डोंगर समोर येतात आणि गारमाथ्याची चढण लागते. गडकोटांच्या हिशेबात ती काहीच नाही, पण अंगावर ऊन आणि पायाखाली तापलेला रस्ता असतो. कार्तिकात डोंगर पिवळे पडायला लागतात, सीताफळं पिकलेली असतात. याच डोंगररांगेतून सिंदफणा निघते आणि जिल्ह्यातच मंजरथजवळ गोदावरीला मिळते. मांजराही पाटोदा तालुक्यातलीच, पण ती थेट तेलंगणापर्यंत फिरून मग त्याच गोदावरीत जाते.

मी निघालो होतो एका कडवट वर्षानंतर. नोकरी सोडायची की नाही, गावी परतायचं की नाही, असे निर्णय डोक्यात घेऊन. वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखले होते. पैठण सोडल्यापासून ते रकाने तसेच कोरे होते. एकटं चाललं की मन निवळतं असं म्हणतात. माझं निवळलं नाही. जुनी भांडणंच पुन्हा पुन्हा वर यायची. त्यात प्रत्येक टपरीवर ठरलेले प्रश्न: ‘कुठलं गाव म्हणायचं? एकटेच? नवस हाय का?’ ‘सहज चाललोय’ हे उत्तर कुणालाच पटायचं नाही. सहज कुणी पंढरीला चालत जात नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

गारमाथ्याच्या वर एक ट्रॅक्टर थांबला होता, मागे दोन ट्रॉल्या. चढण चढून इंजिन तापलं होतं. ऊसतोडीला निघालेली टोळी होती ती. पाटोदा, शिरूर, आष्टी या भागातून दिवाळी झाली की घरंच्या घरं अशी निघतात. कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, हंडे, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, पाय बांधलेल्या कोंबड्या, एक शेळी, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. एका बाईंनी मला हाक मारली. ‘माऊली, पंढरीला का?’ मी हो म्हणालो. त्या खाली उतरल्या. मोबाइलच्या कव्हरमागे चार घड्या घालून ठेवलेली वीसची नोट त्यांनी नखाने ओढून बाहेर काढली. कव्हरच्या आत कुंकवाचा डाग पडला होता. ‘आमचा बी दंडवत सांगा. यंदाची कार्तिकी फडातच.’

मी नाव विचारलं आणि वहीत लिहिलं. ते पाहून बाकीचेही उतरले. कुणी दहा रुपये दिले, कुणी सुपारी. एका म्हाताऱ्या बाबांनी पैसे दिले नाहीत, फक्त नाव पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा बहिणीचं नाव लिहा म्हणून मागे लागला. ती शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहिली होती. इंजिन निवलं, सगळे चढले, ट्रॅक्टर गेला.

पुढे टपरीवर ‘एकटेच?’ असं विचारलं की मी सांगायला लागलो, दंडवत घेऊन चाललोय. हे उत्तर लगेच पटायचं, आणि तिथेही नावं मिळायची. दिंडीला कुणी असं थांबवत नाही; दिंडी आपल्या भजनात, आपल्या मुक्कामाच्या घाईत असते. एकटा माणूस हाताशी लागतो, त्याच्याकडे काम सोपवता येतं. माझे निर्णय राहिलेच, ते नंतर घरी झाले. पण पाटोद्यापासून पुढे मी कशासाठी चालतोय हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. ज्यांना चालायचं होतं आणि जाता आलं नाही, त्यांच्या वाट्याचं चालणं माझ्याकडे आलं होतं. एकांतात स्वतःला शोधायला निघणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की या वाटेवर लोकांना टाळू नका.

आता कामाच्या गोष्टी. या दिवसांत वस्त्यांवरची कितीतरी घरं कुलूपबंद असतात, मागे आजी-आजोबा आणि नातवंडं. मुक्काम देवळाच्या ओसरीवर करा, आधी विचारून. जेवायचा आग्रह हमखास होतो, पण मागे राहिलेल्यांचा शिधा मोजका असतो. जेवा, आणि जाताना दुकानातून साखर-चहापत्ती किंवा तेलाची पिशवी आणून द्या. पैसे हातावर ठेवू नका, वाईट वाटतं.

अंधारात चालायचं नाही. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असं नाही. दिवसाही उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला. कठीण रस्त्यावर टाच आणि गुडघे लवकर बोलतात. डोंगरातले कडक बूट घरी ठेवा, मऊ तळाचे घ्या. पाणी दोन लिटर जवळ हवंच, सावली मोजकी आहे.

बाभळींना आणि तारेच्या कुंपणांना आषाढातल्या पाण्याच्या पाउचची प्लास्टिकं अजून अडकलेली दिसतात. भक्तीच्या नावाने केलेला कचरा हा कचराच. अन्नदान करणाऱ्यांनी पत्रावळी वापरल्या तर निम्मा प्रश्न सुटेल. सौताड्याचा धबधबा या भागातला म्हणून वाट वाकडी करू नका. तो पावसाळ्यात पाहायचा, आणि शक्यतो रविवार सोडून.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शाची रांग तासन् तास चालते. मी नामदेव पायरीपाशी डोकं टेकवलं, तिथून कळस पाहिला, बाजूला उभा राहून वहीतली नावं वाचली आणि नोटा पेटीत टाकल्या.

दंडवत घेतलात तर प्रसादही पोचवायचा असतो, हे लक्षात ठेवा. चुरमुरे सादळतात, म्हणून बुक्का, कुंकू आणि तुळशीच्या माळा घ्या. टोळ्या गुढीपाडव्याच्या आसपास परतायला लागतात. त्याआधी गेलात तर घरं बंदच सापडतील. नाव लिहून घेतानाच गाव, वस्ती आणि मुकादमाचं नावही लिहा, कारण एका गावात एकाच नावाची तीन-चार माणसं निघतात आणि टोळीचा पत्ता मुकादमावरूनच लागतो. वस्त्यांवर एसटी जात नाही. पाटोद्यापर्यंत एसटीने जा आणि पुढे दुचाकीची सोय करा.