पत्र्याला सुटणारा घाम

वाचनपाठ : शास्ते ६:३६–४०, उपदेशक १०:१८



आपल्या गोंदिया जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत पूर्वी घरांवर आणि प्रार्थनामंदिरांवर बहुधा कवेलूच असत. ते छप्पर दरवर्षी शाकारावे लागे, आणि वानरांची टोळी एकदा त्यावरून गेली म्हणजे केलेले सर्व काम व्यर्थ होई. म्हणून कित्येक मंडळ्यांनी पैपैसा जमवून टिनाचे पत्रे घातले, ते योग्यच झाले. परंतु पत्र्याबरोबर एक नवी अडचण आली. पौषाच्या थंडीत, आकाशात ढगाचा ठिपकाही नसता, छतातून पाणी टिपकू लागते. नाताळच्या आदल्या रात्री उपासना चाललेली असते आणि उघड्या गीतपुस्तकावर थेंब पडतो. मग कोणी मिस्त्रीला दोष देतो, कोणी खिळ्यांवर डांबर फासतो, कोणी अपशकुन म्हणून कुजबुजतो. पैसा खर्च होतो, आणि पुढल्या वर्षी थेंब पुन्हा पडतात. हे पाणी कोठून येते व त्याचा बंदोबस्त कसा करावा, हे समजून घेणे हा आजच्या पाठाचा हेतू आहे.

१. गिदोनाची दुहेरी पारख

गिदोनाने खळ्यात लोकर ठेविली. पहिल्या रात्री लोकर भिजली व भूमी कोरडी राहिली. दुसऱ्या रात्री भूमी भिजली व लोकर कोरडी राहिली. त्याला देवाकडून चिन्ह हवे होते. आपण छपराकडून चिन्हे मागू नयेत. तथापि एका रात्रीवरून निर्णय न करता उलटसुलट पारख करून पाहावी, एवढा बोध आपणांस येथून घेता येतो.

पुढे पुष्कळ शतकांनी लंडन येथील विल्यम चार्ल्स वेल्स नामक वैद्याने दवाचा शोध करण्यासाठी लोकरीचाच उपयोग केला. त्याने रात्री उघड्यावर लोकरीचे पुंजके ठेवून सकाळी त्यांचे वजन केले. फळीवर ठेवलेला पुंजका पुष्कळ भिजे; त्याच फळीच्या खाली ठेवलेला थोडाच भिजे. सन १८१४ मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखविले की, निरभ्र रात्री वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेहूनही थंड होतात, आणि मग हवेतील वाफ त्यांवर पाणी होऊन बसते. आपला पत्रा हेच करतो. तो पातळ असल्यामुळे सूर्य मावळताच निवतो. कवेलू जाड असून थोडे पाणी शोषून घेते, आणि त्याच्या फटींतून वाराही खेळतो. म्हणून त्याचा घाम आपल्या वाडवडिलांच्या दृष्टीस फारसा पडला नाही.

२. पाणी कोठून आले?

उष्ण हवेत वाफ पुष्कळ मावते, थंड हवेत थोडी. २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. १० अंशांवर ९ ग्रॅमच. उरलेली वाफ जी थंड वस्तू प्रथम भेटेल तिला चिकटते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहा. त्याच्या आतल्या बाजूचे पाणी काही पावसाचे नव्हे. आणि आपल्याकडे हिवाळ्यात काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा पत्रा त्याहून थंड असतो.

ही वाफ बहुतेक आपलीच असते. स्वस्थ बसलेला मनुष्य श्वासाने व घामाने तासाला सुमारे ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. साठ माणसे दोन तास बसली तर पाच लिटरांच्या आसपास पाणी त्या खोलीत वाफ होऊन राहिले! स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळाला तर दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने निघते. उपासनेपूर्वी नुकतेच सारवलेली जमीन व ओली धुणी ह्यांची भर वेगळीच. त्यात थंडी लागू नये म्हणून आपण वळचणीच्या फटी पोत्यांनी बुजवितो, म्हणजे झाकण अधिकच घट्ट करितो.

३. गळती की घाम?

डांबर विकत घेण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्या. पहिली दिवसा : कोरड्या दिवशी एकाने शिडीवरून पत्र्याच्या सांध्यांवर व खिळ्यांवर बादलीने पाणी ओतावे आणि दुसऱ्याने आत उभे राहून पाहावे. आत थेंब न आला तर तेथे छप्पर शाबूत आहे. दुसरी रात्री : निरभ्र पहाटे विजेरी लावून पत्र्याची खालची बाजू पाहावी. सगळीकडे बारीक थेंबांची जाळी दिसली, आणि ऊन चढताच ती नाहीशी झाली, तर तो घाम होय. गळती एकाच ठिकाणी असते, डाग ठेवते आणि पावसाबरोबर येते. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात. म्हणून दोन्ही परीक्षा कराव्या.

४. उपाय

पहिला उपाय फुकटचा आहे. बुजविलेल्या फटी मोकळ्या करा. एका भिंतीत खाली, आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत आढ्याजवळ उंच, अशी हवेला वाट ठेवा. पाखरे शिरू नयेत म्हणून जाळी लावा. उपासना संपताच कुलूप न लाविता अर्धा तास दारे-खिडक्या उघड्या ठेवा. प्रीतिभोजनाचा स्वयंपाक बाहेर मांडवात करा.

धुक्याच्या पहाटे बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते. तेव्हा नुसत्या वाऱ्याने काम भागत नाही. त्याकरिता पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत घालावे, व मधली पोकळी दोन्ही वळचणींस उघडी ठेवावी. पडलेले थेंब तट्टा शोषून घेतो आणि दिवसा सुकतो. उन्हाळ्यात तेच छत उष्णताही अडविते. प्लास्टिकचा कागद लावावयाचा असल्यास त्याला छपराचा उतार देऊन कड भिंतीबाहेर काढावी, नाहीतर तो पाण्याची झोळी होईल. उघडा थर्माकोल दिव्याजवळ कदापि लावू नये. तो पेट घेतो.

घरी धान ठेवणाऱ्यांनीही सावध असावे. धानात ओलावा १४ टक्क्यांहून अधिक असता पोती कोंदट होतात, बुरशी येते आणि बियाण्याची उगवण जाते. दाताखाली दाणा कट्कन तुटेपर्यंत धान वाळवावे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांनाही हाच नियम लागू आहे. त्या पानांवरील नावे पुन्हा लिहावयास कोणी साक्षीदार उरत नाही.

५. बोध

उपदेशक नामक पुस्तकात म्हटले आहे की, आळशाच्या हातांमुळे घर गळते. ते खरेच, परंतु छपरातून पडलेला प्रत्येक थेंब आळसाचा किंवा लबाडीचा पुरावा नव्हे. ज्या मिस्त्रीचे काम शाबूत आहे त्याची उरलेली मजुरी घामाच्या थेंबासाठी अडवून ठेविली, तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आपल्याविरुद्ध उभा राहतो. आणि त्याची गावभर अपकीर्ती केली, तर नववी आज्ञा मोडते. दुसऱ्याच्या हातात भोक शोधण्यापूर्वी आपल्याच श्वासाचा हिशेब घ्यावा. ज्या मंडळीत एकमेकांविषयीचा संशय कोंडून ठेवलेला असतो, तेथेही असेच होते : पाणी आतले असते आणि दोष बाहेरच्यास मिळतो. म्हणून दार उघडावे, बोलावे, पारख करावी आणि मग न्याय करावा.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. गिदोनाने दोन रात्री पारख का केली?
२. निरभ्र रात्री पत्रा हवेहून थंड का होतो?
३. आपल्या प्रार्थनामंदिरात हवेला खालून व वरून वाट आहे काय?
४. ह्या वर्षी आपण कोणाला पारख न करिता दोष दिला आहे काय? त्याचे देणे कोणी व केव्हा चुकवावे?