सकळा लिपी आणि आपल्या फोनची किल्ली

महानुभाव वाङ्मय शिकताना सरांनी सकळा लिपीचा उल्लेख केला आणि माझे कुतूहल जागे झाले. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी ही लिपी योजिली असे मानतात. एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर. त्यामुळे पोथी परक्याच्या हाती पडली तरी तिचा अर्थ लागू नये. किल्ली पंथातल्यांपाशीच राहिली. परिणामी ‘लीळाचरित्रा’सारखा आद्य गद्यग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके अपरिचित राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीची उकल केली.

अशा अदलाबदलीत एक उणीव असते. भाषेत जे अक्षर वारंवार येते, त्याच्या जागची खूणही तितक्याच वेळा येते. खुणा मोजत गेले की किल्ली हाती लागते. ही युक्ती अल्-किंदी या अरब पंडिताने नवव्या शतकातच लिहून ठेवली आहे.

आजच्या एन्क्रिप्शनमध्ये ही वाट बंद केलेली आहे. २००१ साली अमेरिकेने प्रमाण मानलेली ‘एईएस’ पद्धत आज जगभर वापरली जाते. गंमत अशी की, ती पद्धत छापून सर्वांना खुली आहे. गुप्त असते ती केवळ किल्ली. तिच्यातली लहानात लहान किल्ली १२८ शून्य-एकांची, म्हणजे संभाव्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी! सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या तरी सगळ्या संपायला एकावर १९ शून्ये इतकी वर्षे लागतील. (हा हिशेब मी दोनदा केला, आणि कलाशाखेची असल्याने तिसऱ्यांदा मैत्रिणीकडून तपासून घेतला.)

हे साठवणीचे झाले. पण दूरच्या माणसाला किल्ली पाठवावी कशी? वाटेत तीच चोरीला गेली तर? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी नवा विचार मांडला. उघडी कुलपे जगाला वाटावीत, ती कोणीही लावावीत. उघडणारी किल्ली मात्र घराबाहेर जाऊ नये.

हे सारे मी घरी मोठ्या रुबाबात सांगत होते. तोच फोन दुरुस्तीहून आला. थेरगावातल्याच एका दुकानात वडिलांनी तो दिला होता. पाकिटावर पेनाने आमचा चार आकडी पिन लिहिलेला! पिन टाकला की आतली किल्ली आपोआप लागते. मग ती ३९ अंकी संख्या काय करणार?

“त्याने मागितला, मी दिला,” वडील म्हणाले.

मी पिन बदलला. आईने नवा पिन कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. “तू कॉलेजात असताना आम्ही विसरलो तर?” हा तिचा प्रश्न. त्याला मला अजून उत्तर देता आलेले नाही.