उथळ टाकीचा दिवा

अगं, दुकानदार तुला आधी टाकीची लांबी विचारेल आणि दोन फुटांचा दिवा काढून पुढे ठेवेल. तू आधी खोली सांग. मातीपासून पृष्ठभागापर्यंत जेमतेम १५ सेंटिमीटर पाणी असेल, तर दीड फूट उंच टाकीसाठी बनवलेला दिवा तुझ्या रोपांना सोसणार नाही. उथळ टाकीत उजेड कमी पडून झाडं गेलेली मी क्वचितच पाहिली. उजेड जास्त होऊन काचेवर आणि पानांवर शेवाळं चढलेलं मात्र किती घरांत पाहतो! म्हणून दिवा किती प्रखर आहे हे विचारण्याआधी तो मंद करता येतो का, उंच टांगता येतो का, ते विचार.

तू निवडलेलं ६० बाय ३० बाय १८ सेंटिमीटर हे माप चांगलं आहे. ताकाशी अमानो यांनी स्थापन केलेल्या जपानी एडीए कंपनीची ६०-एफ टाकी याच मापाची. काठोकाठ भरली तरी ३२ लिटर. माती, दगड धरले तर पाणी २५ लिटरच्या आसपास. लिटरमागे २० ते ४० ल्युमेन हा मध्यम उजेडाचा ढोबळ हिशेब, म्हणजे तुला ५०० ते १००० ल्युमेन लागतील. दिवा उंच टांगलास तर बराच उजेड टाकीबाहेर सांडतो, तेव्हा १००० च्या बाजूला राहा. गॅलनमागे इतके वॅट हा जुना नियम सोडून दे, तो ट्यूबच्या काळातला आहे.

दिवा काचेच्या कडेवर ठेवू नकोस. तसा ठेवला की मधोमध लख्ख आणि कोपरे अंधारात, कारण एवढ्या कमी अंतरात उजेडाला पसरायला वावच मिळत नाही. पाण्यापासून फूटभर वर टांगून सुरुवात कर. टाकी कोरडी आहे तोवरच एक काम उरकून घे. मोबाइलवर लक्स मोजणारं अ‍ॅप घे, फोन पडदा वर करून तळाशी ठेव आणि मध्यावरचा व चारही कोपऱ्यांतला आकडा लिहून काढ. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला साधारण ७० नं भागलं की झाडांच्या उपयोगाच्या उजेडाचा, म्हणजे पीएआरचा, अंदाज मिळतो. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण मध्य आणि कोपरे यांतला फरक तो बरोबर दाखवतो. मध्यावर २००० ते ३५०० लक्स म्हणजे ३० ते ५० पीएआर. क्रिप्टोकोरिन, हायग्रोफिला, ब्राह्मी एवढ्यावर छान वाढतात. सीओटूचा सिलिंडर लावणार नसशील तर याच्या वर जाऊच नकोस. ‘क्यूबा’ नावाच्या रोपासारखा दाट गालिचा हवा असेल, तर उजेड, सीओटू आणि खत हे तिन्ही एकदम वाढवावं लागतं. नुसता उजेड वाढवलास तर त्याचा फायदा शेवाळंच घेईल.

क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत रानटी वाढतात. त्या तिथंच राहू देत, उपटून आणू नकोस. नर्सरीत वाढवलेली रोपं सहज मिळतात.

रंगाचं फार डोक्यात घेऊ नकोस. डब्यावर ६५०० के लिहिलेलं असलं की पुरे. हार्डवेअरच्या दुकानातला १० वॅटचा ‘कूल डेलाइट’ फ्लडलाइटसुद्धा झाडं उत्तम वाढवतो. फक्त त्यात लाल रोटाला फिकी दिसते. तो लाल रंग डोळ्यांना हवाच असेल तर डब्ल्यूआरजीबी दिव्याला जास्त पैसे मोज. समुद्री टाकीचा निळा दिवा मात्र घेऊ नकोस.

पहिला महिनाभर रोज सहाच तास लाव, झाडं रुजली की सात-आठ. टायमर बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा घे. गोल चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तीन तासांचं भारनियमन झालं की दिवा रात्री तीन तास उशिरा मालवतो. शेवाळं दिसलं तर औषध शोधण्याआधी दिवा वीतभर वर घे, पाणी बदल आणि थोडी साल्विनिया तरंगत सोड. टाकी खिडकीत मांडू नकोस. एवढंसं पाणी एप्रिलच्या उन्हात पाहता पाहता तापतं.

सोफ्यावर बसल्यावर टांगलेला दिवा थेट डोळ्यांत येतो, त्याला बाजूंनी पट्टी लावून घे. उघड्या पाण्यावर लोंबणारा दिवा एका हुकावर कधी ठेवू नकोस, दोन हवेत. फ्लडलाइटची अर्थिंगची वायर जोडलेली आहे हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसव. वायर प्लगकडे सरळ नेऊ नकोस. प्लगच्या खाली तिचा झोळ राहू दे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथूनच खाली टपकेल. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्रत्येक वेळी बटण बंद कर.