नाना हरवले तेव्हा

आमचे सासरे, नाना, ऊसतोडीच्या हंगामात एका पहाटे घरातून निघून गेले. वय ऐंशीच्या घरात, विसरभोळेपणा वाढलेला. जेवून हात धुतले तरी "मला कुणी जेवायला विचारलं नाही" म्हणायचे. कधी काळी विकलेल्या बैलांना पाणी दाखवायला म्हणून उठायचे. त्या दिवशी फोन खाटेवरच होता, चपला दारात होत्या. राहुरी तालुक्यातलं आमचं गाव. चहूबाजूंनी ऊस आणि मधून पाटाची चारी गेलेली. उभ्या उसात माणूस हाताच्या अंतरावर पडला असला तरी दिसत नाही.

मी अंगणवाडीत काम करते. गावातलं एकही घर मला परकं नाही. त्या दोन दिवसांत गावच्या ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते बाहेरच्या कुणी लिहिलं, असं मला म्हणता येत नाही. लिहिणारी माणसं वाईटही नव्हती. माणूस हरवला की जिवाला घोर लागतो, आणि हात रिकामे असले की तो घोर मोबाइलवर उतरतो. पण त्यात शोधाचे जे तास गेले, ते आमच्या नानांच्या अंगावर गेले. उद्या कुणाच्याही घरी ही वेळ येऊ शकते, म्हणून लिहिते आहे.

सकाळी दिरांनी गावच्या ग्रुपवर नानांचा फोटो टाकला. तासाभरात हातातली कामं टाकून माणसं गोळा झाली. पोलीस पाटलांनी आम्हाला लगेच ठाण्यात नेलं आणि मिसिंग दाखल करून घेतली. चोवीस तास थांबावं लागतं, असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. असा कुठलाही नियम नाही. माणूस दिसेना झाला आणि काळजी वाटली की त्याच तासाला जावं, नाहीतर ११२ वर फोन करावा. हरवलेलं मूल अठराच्या आतलं असेल तर नुसत्या मिसिंगवर भागत नाही. अपहरण गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट सांगितलं आहे. ठाण्यात कुणी टोलवाटोलवी केली तर हे ठामपणे सांगा.

ठाण्यातल्या हवालदारांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. विसर पडणारी म्हातारी माणसं बहुतेक वेळा लांब जात नाहीत. चालत राहतात आणि वाट संपते तिथे अडकतात. झुडपात, ओढ्यात, कुंपणाला. हाक मारली तर ओ देतीलच असं नाही. म्हणून घरापासून सुरुवात करा आणि एकेक बांध, एकेक सरी बघत बाहेर सरका, असं ते म्हणाले.

तसं सुरूही झालं होतं. पण दुपारी ग्रुपवर एक फोटो आला. नगरच्या माळीवाडा स्टँडवर एक म्हातारा बाकावर बसलेला, पाठमोरा. पांढरं धोतर, टोपी. खाली लिहिलेलं, "नाना सापडले." आमच्या जिल्ह्यात या वर्णनाची माणसं किती असतील! तरी दोन जीपगाड्या भरून पोरं नगरला गेली. ती तिथे पोचेपर्यंत दुसरा निरोप आला, शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर दिसले. मग गाड्या तिकडे. चारीकडची बाजू बघायची राहिली होती आणि ती बघणारे पाय सगळे गाडीत बसून गेले होते. असा निरोप आला की गावातून गाडी काढू नका. कुणी पाहिलं, किती वाजता, नेमकं कुठे, हे पाहणाऱ्यालाच फोन लावून विचारा. ज्याने ऐकलं त्याला विचारून उपयोग नाही. पाहणाऱ्याकडून त्याच वेळचा, समोरून काढलेला फोटो मागा. मग आपल्या ठाण्यामार्फत तिथल्या चौकीला कळवा. स्टँडवर जाऊन बघायला तिथल्या शिपायाला दहा मिनिटं लागतात.

संध्याकाळी कुणीतरी "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकली. माझ्या लग्नातल्या फोटोतून नानांचा चेहरा कापून घेतला होता. खांद्याशी माझ्या सासूबाईंच्या पदराचा काठ तसाच राहिला होता. बिबट्याने नेलं, असं त्याआधी कुणी लिहिलं होतं आणि आमच्या भागात बिबट्याचं नाव काढलं की पुढचं कुणी विचारत नाही. तो फोटो नणंदेच्या सासरी पोचला. ती बिचारी एसटीत बसून रडत आली आणि दारातच कोसळली. तिला आत घेऊन, पाणी पाजून, "अगं, अजून काही कळलेलं नाही" हे समजावण्यात घरातल्या चार बायकांचा वेळ गेला.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते सातबाऱ्याचं. सातबारा आता कुणालाही ऑनलाइन बघता येतो, ही सोय चांगलीच आहे. कुणीतरी नानांच्या गटाचा उतारा काढला आणि त्यातल्या बोजाच्या नोंदीभोवती लाल गोल काढून ग्रुपवर टाकला. खाली प्रश्न: "जमीन कुणी गहाण टाकली? म्हातारा कुणाला नको होता?" तो बोजा सोसायटीच्या पीककर्जाचा होता. गावातल्या निम्म्या उताऱ्यांवर तो असतो. प्रश्न विचारणाऱ्याच्याही उताऱ्यावर होता. पण त्या लाल गोलानंतर लोक माझ्या नवऱ्याकडे आणि दिरांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. दीर काठी घेऊन उसात शिरले तर मागे कुणीतरी म्हणालं, "हा आता कशाला शोधतोय?" त्यानंतर ते ओट्यावर येऊन बसले ते उठेनात. नानांच्या रोजच्या वाटा घरात सगळ्यात जास्त त्यांना ठाऊक होत्या, आणि नेमका तोच माणूस शोधातून बाहेर पडला.

घरच्यांवर संशय घेणं हे पोलिसांचं काम आहे. आमच्याकडेही त्यांनी सगळं विचारलं; भांडण झालं होतं का, कर्ज किती, औषधं कोण देतं. आम्ही उत्तरं दिली आणि आम्हाला त्याचा राग आला नाही. तुम्हाला खरंच काही ठाऊक असेल तर ते ठाण्यात जाऊन सांगा. तिथे ते कागदावर येतं, सांगणाऱ्याचं नाव येतं, ते पडताळता येतं. ग्रुपवर टाकलेल्या संशयाला मालक नसतो. तो मागे घ्यायलाही कुणी येत नाही.

रात्री गोष्ट कोपीवर गेली. गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या होत्या. "परकी माणसं आहेत, त्यांनीच काहीतरी केलं असेल, कोप्या तपासा," असं कुणी लिहिलं आणि पोरं बॅटऱ्या घेऊन निघाली. दिवसभर ऊस तोडून दमलेली ती माणसं लेकरं पोटाशी धरून बाहेर उभी राहिली. पोलीस पाटील आडवे झाले, ठाण्याची गाडी आली, म्हणून निभावलं. पण नानांना शोधायला आलेली ती गाडी मध्यरात्रीपर्यंत कोप्यांपाशीच उभी राहिली.

राईनपाड्याचं नाव मी तेव्हा मोठ्याने घेतलं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं ते गाव. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना तिथे ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षुकीवर पोट भरणारे. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. त्या साली देशभर असे बळी गेल्यावर व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण आमच्या गावाला पाच ठिकाणंही लागली नसती. एकाच ग्रुपवर सगळं गाव होतं.

नाना सापडले ते दुसरी रात्र उलटल्यावर. पाण्याचं बारं द्यायला गेलेल्या शेजारच्या पोराला चारीपलीकडच्या वेड्या बाभळींतून कण्हणं ऐकू आलं. घरापासून हाकेच्या अंतराहून थोडं पुढे. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, अंगभर काटे. ते वाचले, पण पुन्हा पायावर उभे राहिले नाहीत. पहिल्या दुपारी सापडले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना मी विचारलं होतं. हाड पडल्याक्षणीच मोडलं असणार, पण दोन थंडीच्या रात्री उघड्यावर आणि पाण्यावाचून गेल्या, त्यांनी शरीर खचलं, असं ते म्हणाले.

नंतर इंग्लंडमधलं एक प्रकरण माझ्या वाचनात आलं. लँकाशायरमधलं सेंट मायकल्स ऑन वायर नावाचं खेडं. जानेवारी २०२३ मध्ये तिथे नदीकाठी कुत्रा फिरवायला गेलेली एक आई नाहीशी झाली. ती नदीत पडली असावी, असं पोलीस सांगत होते. तरी लांबलांबून लोक व्हिडिओ करायला त्या खेड्यात आले, घरांच्या आवारात शिरले, कुटुंबावर आणि गावकऱ्यांवर संशय घेत राहिले. शेवटी पोलिसांना त्यांना हटवावं लागलं. तीन आठवड्यांनी तिचा मृतदेह त्याच नदीत, साधारण मैलभर खाली सापडला. चौकशीत निष्कर्ष निघाला, अपघाताने बुडून मृत्यू. त्या बाईच्या दोन लहान मुली आहेत. त्या मोठ्या होऊन हे सगळं वाचतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मुलगी हरवली तर आपल्याकडे याहून वाईट होतं. "पळून गेली" हे दोन शब्द पहिल्या तासात उमटतात आणि मग कुणी विहिरीत डोकावत नाही. आईबाप लाजेने ठाण्याची पायरी चढत नाहीत. मी अशा आयांजवळ बसले आहे. त्यांना मी एवढंच सांगते: ती स्वतःहून गेली असली तरी ती सुखरूप आहे ना, हे कळायलाच हवं, तेव्हा आत्ताच चला. लहान मुलांसाठी १०९८ आहे. मुलीचा फोटो पोलिसांमार्फतच बाहेर जाऊ द्या. तिच्यावर अत्याचार झाल्याचं निघालं तर तिची ओळख पसरवणं हा गुन्हा आहे, आणि तोवर तो फोटो शंभर मोबाइलमध्ये गेलेला असतो.

आता आमच्या गावात आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. कुणी हरवलं तर ग्रुपवर फक्त अॅडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग लगेच लावायची. निरोप एकच, पोलीस पाटलांनी वाचून पाहिलेला. त्यावर तारीख, वेळ, अंगावरचे कपडे आणि ठाण्याचा नंबर. घरच्यांचा नंबर टाकायचा नाही. आमचा टाकला होता, तर दवाखान्यात भरती केलंय, डिपॉझिटचे पैसे पाठवा, असे फोन येऊ लागले. एकाने क्यूआर कोडही पाठवला. "व्हिडिओ कॉल करून नानांना दाखवा," म्हटल्यावर फोन बंद. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब तक्रार करावी. हरवलेल्या माणसाचा न धुतलेला एखादा कपडा पिशवीत बाजूला ठेवायचा, श्वानपथकाला तो लागतो. आणि माणूस सापडला की जिथे जिथे आधीचा निरोप गेला तिथे "सापडले" हा निरोपही गेला पाहिजे. नानांचा तो फोटो तारीख नसल्यामुळे अजून फिरतो. परवाच परभणीकडून एका भल्या माणसाचा फोन आला होता.

ज्यांच्या घरात विसर पडणारं माणूस आहे त्यांनी त्याचा यंदाचा, उभा, पूर्ण फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. लग्नातला फेट्याचा फोटो ओळखायला चालत नाही. बंडीच्या आतल्या बाजूला नाव, गाव आणि फोन नंबर पक्क्या शाईच्या पेनाने लिहावा, आणि शाई पुसट झाली की पुन्हा गिरवावा.