पुढच्यांचा धूर, मागच्यांना डंख

आम्हा जबलपूरकरांना नर्मदा लांब नाही. ग्वारीघाट शहराला लागूनच आहे, तिलवारा नागपूरच्या रस्त्यावर, आणि त्याच्या खालच्या अंगाला लम्हेटा व भेडाघाट. पूर्ण परिक्रमा सगळ्यांना जमत नाही. कुणाची नोकरी असते, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात. म्हणून देवउठनी एकादशी होऊन परिक्रमावासी वाटेला लागले की इथली मराठी मंडळीही रविवारच्या रविवार काठाने एकेक टप्पा चालायचा कार्यक्रम आखतात. अशा तुकड्यातुकड्यांच्या चालण्याला या गावात मोठा वारसा आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन इथून मंडल्याच्या दिशेने निघाले. पुढे त्यांनी वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने दोन्ही काठ पालथे घातले. त्यांची पुस्तके वाचून घराबाहेर पडलेली माणसे आमच्या गटात अजून आहेत.

मी या चालींत बहुतेक वेळा सर्वांत मागे असते. कुणीतरी मागे हवे म्हणून सुरुवात झाली, आता ती माझी जागाच झाली आहे. शेवटून चालताना वाट कळते ती वेगळीच. पुढच्यांनी जे केले, ते करून ते निघून गेलेले असतात आणि त्याचे जे व्हायचे ते मागच्यांच्या वाट्याला येते. हे मला एका हिवाळ्यात फार कठोरपणे कळले.

लम्हेट्याहून भेडाघाटला जायचे होते. तीसेक माणसे, त्यात दोन शाळकरी मुले आणि सत्तरीच्या घरातल्या एक काकू. सकाळी सगळे एकत्र निघालो, पण तासाभरातच रांग लांबली. तरुण मंडळी दिसेनाशी झाली. मधले लोक गप्पांच्या नादात, आणि मी, काकू व त्यांचे यजमान असे तिघे शेवटी. काठावर अर्जुनाची मोठमोठी झाडे आहेत. त्यातल्या एका झाडाखाली सपाट जागा पाहून पुढच्यांनी बूड टेकले, तीन दगडांची चूल मांडली आणि चहा केला. लाकडे ओली असावीत, धूर भरपूर झाला. चहा झाला, चुलीवर पाणी ओतले, त्याने आणखी धूर झाला आणि ते पुढे चालू लागले. वर फांदीला आग्या मोहोळ लोंबत होते. कुणीच वर पाहिले नव्हते.

आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा माश्या उठलेल्या होत्या. आधी एक गुणगुण आली, मग काकूंनी मानेवर हात मारला, आणि पुढच्या क्षणी त्यांच्या डोक्याभोवती काळे झाले. त्यांचे यजमान काकूंच्याच पदराने माश्या हाकलायला लागले. मी त्या दोघांना ओढत शेताकडे नेत होते, पण काकू जागच्या जागी गोल फिरत होत्या. वाटाण्याच्या शेतातून एक माणूस घोंगडी घेऊन धावत आला, ती त्याने काकूंच्या डोक्यावरून टाकली आणि त्यांना अक्षरशः उचलून झोपडीत नेले. दार लावल्यावर तो एवढेच बोलला, "ऊपर नहीं देखा क्या किसी ने?" काकूंच्या ओठांना सूज चढत होती. पुढे गेलेल्यांना फोन लागत नव्हता. प्रथमोपचाराची पिशवी त्यांच्याकडे होती, गाडीचा नंबर त्यांच्याकडे होता, आणि त्या वेळी ते भेडाघाटच्या धुआंधार धबधब्यापाशी आमची वाट पाहत फोटो काढत होते. त्या शेतकऱ्याच्या मोटरसायकलवरून काकू रस्त्यापर्यंत गेल्या, तिथून दवाखान्यात. त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशीही डॉक्टर त्यांच्या लघवीकडे लक्ष ठेवून होते, कारण खूप डंख झाले की विष काही तासांनी मूत्रपिंडावर घाला घालू शकते. हे मला तेव्हा प्रथम कळले.

भेडाघाटच्या माश्यांची ख्याती जुनी आहे. संगमरवरी कड्यांना लटकलेली मोहोळे नावेतूनही दिसतात. जेम्स फोर्सिथ यांच्या 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील इंग्रजी पुस्तकात एक हकीगत आहे. रेल्वेच्या पाहणीसाठी आलेल्या एका इंग्रज इंजिनियरवर या माश्यांनी हल्ला केला, जीव वाचवायला तो पाण्यात शिरला आणि बुडून मेला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी छापून आलेली ही गोष्ट इथे सहल आणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी.

म्हणून सांगते. या काठावर बसण्याआधी वर पाहा. झाडाची आडवी जाड फांदी, कड्याचा पुढे आलेला भाग, पुलाची कमान, मंदिराच्या छज्ज्याची खालची बाजू, आग्या मोहोळ अशाच ठिकाणी असते. ते एकच मोठे, उघडे, अर्धवर्तुळाकार पोळे असते आणि लांबून काळसर फडक्यासारखे दिसते. त्याच्या आसपास चूल, उदबत्ती, विडी काहीच नको. उग्र अत्तर लावून येऊ नका, दगड मारणे तर दूरच. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड-डोळे ओढणीने, टॉवेलने झाका आणि सरळ रेषेत पळा, शक्यतो घरात, गाडीत, बंद जागेत. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. डंखाचा काटा कातडीत राहतो, त्याच्याबरोबर विषाची पिशवी असते आणि ती विष सोडत राहते. म्हणून सुरक्षित जागी पोहोचताच काटे काढा. नखाने की पत्त्याच्या कडेने यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका, लवकर काढणे महत्त्वाचे. डंखाच्या जागेचा वास दुसऱ्या माश्यांना बोलावतो, त्यामुळे तिथेच थांबून काटे काढायचे नाहीत. ओठ, जीभ, घसा सुजू लागला, दम लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर वेळ न घालवता 108 ला फोन करा. असल्या वेळी मांडीत देण्याचे अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते आणि ते सहसा दवाखान्यातच मिळते. ज्याला मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे त्याने निघण्यापूर्वी गटप्रमुखाला सांगावे आणि आपली औषधे स्वतःच्या खिशात ठेवावीत, दुसऱ्याच्या पिशवीत नाही.

माश्यांचे झाले, पण माझे म्हणणे माश्यांपुरते नाही. पुढचे विसाव्याला थांबतात, पाणी पितात, संत्री सोलतात. मागचे धापा टाकत तिथे पोहोचतात तेव्हा पुढचे "चला" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्याला तो मिळतच नाही. दिवसभर असेच चालले की तिसऱ्या प्रहरी म्हातारा माणूस एखाद्या नाल्याच्या उतारावर पाय घसरून पडतो आणि सगळे म्हणतात, वय झाले. वयाने नव्हे, विसाव्याच्या चुकीच्या वाटणीने तो पडलेला असतो. विसावा शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होतो, आणि तो उठेपर्यंत कुणी उठायचे नाही, हा नियम आम्ही आता पाळतो. यात तरुणांची चाल अडते हे खरे. त्यांनी वेगळा, लांब पल्ल्याचा रविवार ठरवावा.

या बाबतीत आपली वारी बघण्यासारखी आहे. आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, काही रथापुढे, काही रथामागे. विसाव्याच्या आणि मुक्कामाच्या जागा आधीच छापून प्रसिद्ध होतात. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की एवढा मोठा जनसमुदाय शांत होतो. कुठल्या दिंडीची काय तक्रार, काय हरवले, कोण हरवले, ते तिथे सांगितले जाते. एवढ्या मोठ्या वारीला दररोज विचारपूस करता येते, तर तीस माणसांच्या रविवारच्या चालीला दर विसाव्याला डोकी मोजता येणार नाहीत का?

महाराष्ट्रातले ट्रेकर पुढच्याला लीड आणि शेवटच्याला टेल म्हणतात. इंग्लंडमध्ये दर आठवड्याला गावाकडच्या वाटा तुडवणाऱ्या मंडळांतही असा शेवटचा माणूस नेमण्याची पद्धत आहे. ही नेमणूक दम लागलेल्या माणसाच्या गळ्यात मारायची नसते. टेल हा गटातला सर्वांत धडधाकट आणि समजूतदार माणूस हवा. प्रथमोपचाराची पिशवी, शिट्टी, जास्तीचे पाणी, बॅटरी आणि गाडीवाल्याचा नंबर त्याच्याकडे हवा. टेलच्या मागे कुणी राहायचे नाही. झुडपाआड जायचे असेल तर त्याला सांगून जायचे. वाटेला फाटा फुटला की प्रत्येकाने आपल्या मागचा माणूस दिसेपर्यंत तिथे उभे राहायचे. एवढे केले तरी निम्मे घोळ टळतात.

आता पाणी. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरण आहे, एकवीस दरवाज्यांचे. वेगडांची पहिली चाल ज्या काठाने झाली, तो बराचसा काठ पुढे याच धरणाच्या पाण्याखाली गेला. पावसाळ्यात दरवाजे उघडले की खालच्या घाटांची पातळी झपाट्याने चढते, प्रशासन घाटांपासून दूर राहायला सांगते. ते सगळे ऐकतात. हिवाळ्यात मात्र गाफीलपणा येतो. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की पातळी तेव्हाही हलते. नाल्याच्या तोंडाशी दगडांवरून पुढचे कोरड्या पायांनी पार झाले आणि मागचे पोहोचेपर्यंत त्याच दगडांवरून पाणी वाहत होते, असे आम्ही अनुभवले आहे. अशा वेळी पलीकडून "या, या, काही होत नाही" म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. नाल्याच्या काठाने वर जाऊन गावच्या रस्त्याने वळसा घ्यावा, आणि पुढच्यांनी तो वळसा संपेपर्यंत थांबावे. संगमरवर आणि शेवाळ एकत्र आले की तिथे अनवाणी पायही टिकत नाही. धुआंधाराच्या कठड्यापलीकडे पाऊल टाकायचे नाही, फोटोसाठी तर नाहीच.

वेळेचा हिशेबही मागच्यांच्या पायांनी करावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये घालून दिलेला ठोकताळा जगभर वापरतात. सपाटीवर तासाला सुमारे 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आमच्या काठाला तो लागू पडत नाही. इथे चढ फारसा नाही, पण दर थोड्या अंतराने नाला येतो. मऊ मातीत खोल कापलेल्या त्या नाल्यात उतरून पुन्हा वर चढायचे, मग वाळू, मग गोटे, मग शेताचा बांध. मिश्र वयाच्या गटाने तासाला 3 किलोमीटर धरावेत, विसावे त्यात धरू नयेत. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच्या दोन तास आधी चाल संपेल असाच टप्पा निवडावा. पहाटे अंधारात शेतातून जाऊ नये. रानडुकरांपासून पीक राखायला काही ठिकाणी तारांत वीज सोडतात, आणि ती तार अंधारात दिसत नाही. पिकातून वाट काढायची नाही, बांधावरूनच जायचे. ज्या शेतकऱ्याच्या घोंगडीने काकू वाचल्या, त्याच्याच वाटाण्याच्या शेंगा आमच्यातल्या काहींनी सकाळी तोडल्या होत्या. मला त्याची आजही लाज वाटते.

कार्यक्रमपत्रकाचे सांगून थांबते. "नर्मदाकाठची रम्य पदयात्रा, चहा-नाश्त्याची सोय" एवढेच छापून भागत नाही. किती किलोमीटर, किती नाले, सावली कुठे आहे, मध्येच सोडून जायचे झाले तर रस्ता कुठे गाठता येतो, फोनला रेंज कुठे जाते, जवळचा मोठा दवाखाना कोणता, हे छापावे. तिलवारा ते भेडाघाट या पट्ट्यात चालताना नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजचा रस्ता गाडीवाल्याला आधी दाखवून ठेवावा. पत्रक काढण्यापूर्वी आठवडाभरात दोघांनी तो टप्पा चालून यावा, आणि त्यातला एक जण हळू चालणारा असावा. पोळे कुठे आहे, नाल्याला पाणी किती आहे, नवे कुंपण कुठे घातले आहे, हे मागच्या वर्षीच्या आठवणीवर ठरत नाही. चहा करायचाच तर घरून थर्मासमध्ये आणावा.

या वर्षीही दिवाळीनंतर अनेक गट काठाने निघतील, नवी माणसे येतील, नातवंडांना घेऊन आजी-आजोबा येतील. गट चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पत्रकावर पुढे चालणाऱ्याच्या नावाशेजारी शेवटी चालणाऱ्याचेही नाव आणि फोन नंबर छापा. आणि तुमच्यातल्या सर्वांत धडधाकट माणसाला सांगा, या रविवारी तू मागे.